पुसायचं राहिलेलं पान

शालन दिघ्यांच्या पत्राला घाणेकरांनी एकतीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं, आणि आज निवृत्तीच्या दिवशी कचेरी ते पान परत मागत होती.

"काका, नवा कागद बंद झाल्यापासून सगळी पानं पुसून फिरतात. तुमचंच एक अडकलंय," भांडारातल्या रोहिणी बोडके म्हणाल्या. "त्यात आहे तरी काय एवढं?"

"शालनबाईंचं पत्र. इथे माझ्या शेजारच्या टेबलावर असायच्या. त्यांची सांगलीला बदली झाल्यावर आलेलं." घाणेकर खाली बघत पुटपुटले, "उत्तर त्याच पानावर लिहायचं ना. पुसलं तर त्यांचं अक्षर जाईल, म्हणून राहून गेलं."

"अहो, तुम्ही अक्षर जपत बसलात, आणि त्या तिकडे एकट्या वाट बघत बसल्यात! टपालाच्या यादीत अजून सांगलीचाच पत्ता आहे त्यांचा."

हे घाणेकरांना कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी पत्र शेवटचं वाचलं. 'आल्याचा चहा इथेही मिळतो, पण त्यावरून हुज्जत घालायला कोणी नाही. याल का?'

मग शाळेत पाटीवर फिरवायचे तसा ओला बोळा फिरवला. 'याल का' सर्वांत शेवटी पुसलं गेलं. तिथेच त्यांनी 'येतो' लिहिलं आणि पान टपालपेटीत टाकलं.