पंधरा वर्षांची मॅडिसन

"नोला, पंधरा वर्षांची पोरगी गुडघ्याला चोळायचं तेल सांगते का कधी?" रोझलिनने हातातला कागद टेबलावर आपटला.

नोलाने चष्मा चढवून कागद वाचला. तिचं वय शहात्तर. जपानच्या शाळेबरोबर चाललेल्या ऑनलाइन उपक्रमाच्या यादीत मात्र तिचं नाव मॅडिसन, वय पंधरा.

"त्या युकीने लिहिलं होतं ना, जिने चढताना गुडघे कुरकुरतात म्हणून. मला राहवलं नाही गं."

"ती खेळत असेल, धावत असेल!"

"मग धावणाऱ्या पोरींना तेल चालत नाही होय?"

महिला मंडळाच्या हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्या चौघी खो खो हसल्या. रोझलिनला मात्र रडू येईल असं वाटत होतं.

खाण बंद पडल्यापासून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या त्या कोपऱ्यातून माणसं निघूनच चालली होती. शाळेत जपानी शिकणाऱ्या तीनच मुली उरल्या होत्या. त्यांना शिकवणाऱ्या रोझलिनला मुख्याध्यापक डॅरनने वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं, "जपानी शाळेबरोबरचा उपक्रम चालतोय तोवर तुझा वर्ग चालेल. तो गेला की वर्ग गेला. तीन पोरींसाठी मी वरच्यांशी भांडत बसणार नाही."

उपक्रमाची अट होती, दोन्हीकडे किमान आठ विद्यार्थी. रोझलिनने तिघींची नावं भरली. मग महिला मंडळातल्या पाचजणींसाठी आणखी पाच खोटी नावं भरली. मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत असा नियमच होता, सगळं लिहूनच चालायचं. तेवढ्याच भरवशावर तिने हे धाडस केलं.

दर बुधवारी या पाचजणी घरी भाजलेले स्कोनचे पाव आणि चहा घेऊन बसायच्या, जपानी अक्षरं गिरवायच्या आणि पोरीबाळींसारखं लिहायची धडपड करायच्या. खरं सांगायचं तर वर्गातल्या तिघींपेक्षा अभ्यास यांचाच जास्त व्हायचा.

आणि आता कुरामोची सरांचं हे पत्र. तिकडच्या वर्गाचे ते शिक्षक, अतिशय नम्र माणूस. 'मॅडिसनने सांगितलेल्या तेलाबद्दल आमच्या विद्यार्थ्यांत बरीच चर्चा झाली. त्या तेलाचं नाव कृपया कळवाल का?'

"ओळखलं त्यांनी," रोझलिन म्हणाली. "ते तोंडावर खोटारडी म्हणणारे नाहीत. असंच विचारणार."

"अगं बाई!" नोला म्हणाली. हसणं थांबलं.

त्याच आठवड्यात उपक्रमाच्या कचेरीतून फर्मान आलं. पालकांची परवानगी घ्या, समारोपाचा तास कॅमेरे लावूनच होईल. रोझलिनने घाईघाईने कुरामोची सरांना लिहिलं, आमच्याकडे इंटरनेट कमजोर आहे, नुसत्या आवाजावर भागवूया का? तासाभरात उत्तर आलं, जरूर, मीही कचेरीला तशी विनंती करतो. रोझलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं कळूनही तो भला माणूस तिची अब्रू झाकत होता. पण कचेरीने दोघांनाही नकार कळवला.

गुरुवारी समारोपाच्या तासाला डॅरन वर्गात मागे खुर्ची टाकून बसला. हातात यादी. "यात आठ नावं आहेत, रोझलिन. आपल्याकडे तर तीनच पोरी आहेत."

"सांगते. एक मिनिट."

पुढच्या बाकावरून ताहलिया हळूच म्हणाली, "मिस, वर्ग बंद झाला तर आम्ही काय करायचं?" रोझलिनने कॅमेऱ्याची वायर जोडली. अकरा वर्षं जपलेला वर्ग, आणि तो आज तिच्याच खोटेपणाने बुडणार होता.

दार उघडलं. पाचजणी ठेवणीतल्या टोप्या घालून आत आल्या.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं ना!"

"खोटं आम्हीपण बोललोय," नोला म्हणाली. "शिव्या तू एकटीनेच का खायच्या?"

"हा काय प्रकार आहे?" डॅरन उठून उभा राहिला.

"माझे विद्यार्थी," रोझलिन म्हणाली.

संगणकाचा पडदा अजून काळाच होता. पण तिकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. रोझलिन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. रात्रभर घोकलेलं जपानी तिने एका दमात बोलून टाकलं. "सर, मी तुम्हाला फसवलं. माझ्या आठांपैकी पाचजणी शाळकरी मुली नाहीत. दोष माझा आहे. माझ्या मुलींना शिक्षा करू नका." आणि ती कमरेत वाकली.

कितीतरी वेळ ती तशीच वाकून राहिली. मग मागून डॅरनचा आवाज आला, "रोझलिन... वर बघ."

तिने मान वर केली. पडदा उजळला होता. कुरामोची सर आणि गणवेशातले त्यांचे आठही विद्यार्थी तिच्याहून खाली वाकून माफी मागत होते, आणि आठही डोकी पांढरीशुभ्र होती.