हिवाळ्यातली पर्यटक

हिवाळ्यात पर्यटक दिसले नाहीत तर बोट बंद करू, असं कंपनीने कळवलं. बोट बंद म्हणजे तळ्यापलीकडचा डॉक्टरही आमच्या गावाला बंद. म्हणून आमच्याच गावातली वाल्बुर्गाआजी रोज बॅग घेऊन, पिसाची टोपी घालून बोटीत चढू लागली.

आज कंपनीचा साहेब स्वतः आला.

"कुठून आलात, आजी?"

"व्हिएन्नाहून. इथली शांतता आवडते हो."

"एवढ्या बर्फात?"

"उन्हाळ्यात तुमच्यासारखे फार येतात."

साहेबाची नजर तिच्या पायांकडे गेली. घाईत ती घरातल्या लोकरी सपाताच घालून आली होती. नावाडी लोइस उगाच इंजिन पुसू लागला.

साहेबाने तिचा फोटो काढला, पण फक्त कमरेपर्यंत.

"उद्या टोपी बदला, आजी," तो हळूच म्हणाला. "फोटोत दुसरी बाई दिसली पाहिजे."