बीपीच्या यंत्रातले सेल

योग्य सेल निवडता येणं हेच गृहस्थाश्रमातलं अंतिम ज्ञान आहे, असं मी दिल्लीच्या विमानतळाजवळच्या, द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत सांगत असे. वैमानिकांचं बोलणं ऐकवणाऱ्या माझ्या रेडिओ स्कॅनरसाठी क्षमतेचा सर्वांत मोठा आकडा छापलेले रिचार्जेबल सेल निवडले, चार्ज केले आणि मुहूर्तासाठी महिनाभर जपून ठेवले. आज आमची लेक रेवती कॅप्टन म्हणून पहिल्यांदाच दिल्लीत विमान उतरवणार होती. आम्ही दोघं बाल्कनीत बसलो आणि स्कॅनर मुका! असे सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात, निवृत्त अधिकाऱ्यांसारखे, हे तेव्हा कळलं. "झालं अंतिम ज्ञान?" म्हणत बायकोनं बीपीच्या यंत्रातले सेल काढून दिले. खरखरीतून रेवती बोलली: 'नमस्कार', इंग्रजीत चार आकडे, संपलं. "सर्दी झालीय तिला," बायको म्हणाली. विमान डोक्यावरून गेलं, हिनं हात हलवला. "आता सेल परत द्या हो. बीपी मोजायचंय."