बोर्डावरचं कुंकू

पाहुण्यांपुढे फराळाची ताटली ठेवायला वाकलो आणि माझा हात तिथंच थबकला. समोरच्या भिंतीवरच्या खोट्या स्विचबोर्डाला कुणीतरी ठसठशीत हळदकुंकू लावलं होतं. त्या बोर्डामागे आमची तिजोरी. लेकीच्या लग्नाचे सगळे दागिने तिच्यात, आणि हे फक्त मला नि बायकोला ठाऊक.

काल लक्ष्मीपूजन आईनं केलं होतं.

तळमजल्यावरचे शेवडे चकली मोडता मोडता म्हणाले, "हे काय हो? बटणांची पूजा?" सोसायटीभर बातमी पोचवायला या माणसाला दुपारसुद्धा लागत नाही.

तेवढ्यात हात धुवायला गेलेल्या शेवडेवहिनी हसतच बाहेर आल्या. "अहो, गिझरलासुद्धा कुंकू लावलंय!"

मग मीही नीट पाहिलं. टीव्ही, फ्रिज, दाराची बेल, घरातला एकूण एक बोर्ड. कुणाचंच कपाळ मोकळं नव्हतं. "आजींनी अख्खी वीजच पुजली!" म्हणत शेवडे पुन्हा चकलीकडे वळले आणि माझा जीव भांड्यात पडला.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघर गाठलं.

"लक्ष्मीपूजनाला तिजोरी पुजायला नको?" आई डब्याचं झाकण लावत म्हणाली. "एकट्या तिलाच लावलं असतं तर लोकांना कळलं असतं. म्हणून बसले सगळ्यांना लावत. कंबर मोडली माझी."

"पण तिजोरीचं तुला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? दिवसातून चारदा ते बटण दाबतोस, आणि दिवा एकदाही लागत नाही."