तांबडीचं माहेरपण

"मुंगसाने बाकी सगळ्या संपवल्या गं. ही एवढी वाचली," म्हणत शेजारच्या नर्सबाईंनी काखेतली तांबडी कोंबडी शिवणवालीच्या हातात दिली. "जाळी दुरुस्त होईपर्यंत ठेव तुझ्याकडे."

रोगाने मेलेली कोंबडी चुना टाकून पुरायची, बाहेरून आलेली आधी वेगळी कोंडायची, हे शिवणवालीला शिकवलं होतं ते नर्सबाईंनीच. पण तांबडी काय परकी होती? तिच्या डोळ्यांदेखत अंड्यातून निघालेली. शिवणवालीने ती सरळ आपल्या खुराड्यात सोडली, स्वतःच्या डझनभर कोंबड्यांमध्ये. घरची मीठमिरची त्यांच्या अंड्यांवरच तर निघायची.

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "तांबडी दाणे टिपतेय ना गं?"

"टिपतेय हो! लेक सासरी धाडल्यासारखी काय चौकशी करताय? माहेरपणाला आलीय ती."

नर्सबाई हसायच्या नाहीत.

आज तांबडी मान पाडून बसली होती आणि तिच्या शेजारी शिवणवालीचा कोंबडाही तसाच. हिला घरची ओढ लागली असेल, असं म्हणत शिवणवालीने तार आणि पक्कड घेतली. कापड शिवतो तशी जाळीही शिवून टाकू, म्हणून ती नर्सबाईंच्या परसात शिरली.



जाळी कुठेच फाटलेली नव्हती. कोपऱ्यातल्या उकरलेल्या मातीवर मात्र जाडच्या जाड चुना पसरलेला होता.