राधाबाईने सांगितलेला चेहरा

"मोठा केला की असंच होतं," दत्ताराम म्हणाला. "फोटोत नाही ते यंत्र कुठून आणणार?"

हवालदाराने ओला कागद निरखला. गिरणीच्या भजनी मंडळाच्या फोटोतलं मागच्या रांगेतलं एक डोकं मोठं होऊन आलं होतं. डोकं कसलं, नुसते करडे ठिपके.

"मग रंगव. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांच्या दगडफेकीतला म्होरक्या आहे हा शिवा. चाळीत कोण तोंड उघडत नाय. आता कोकणच्या बोटीने पळेल. धक्क्यावरच्या शिपायांना चेहरा पायजे."

दत्ताराम सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या घरातला. मुंबईत येऊन त्याने ठाकूरद्वारला फोटो मोठे करायचं यंत्र घेतलं आणि यंत्राच्या फोटोवर वडिलांकडून शिकलेला रंगाचा हात चढवला. पुसट झालेले आजे-पणजे त्याच्याकडून नाकीडोळी नीटस होऊन घरी जात. त्याचा त्याला केवढा अभिमान होता. आज मात्र त्याला आपल्याच हाताची शिसारी आली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तोही जायचा. पण नाही म्हणावं तर दुकानाला टाळं.

चेहरा सांगायला त्यांनी शिवाच्या आईलाच लालबागहून आणून बसवलं होतं. राधाबाईने तोंडाला पदर लावला होता.

हवालदार तंबाखू थुंकायला बाहेर गेला, तसा दत्ताराम हळूच म्हणाला, "तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही. यांनीही नाही. तुम्ही सांगाल तोच चेहरा होणार."

तिने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"खोटा सांगू?"

"मी काही बोललो नाही."

हवालदार आत आला. दत्तारामने ब्रश उचलला.

"नाक?"

ठिपक्यांत नाक सरळ वाटत होतं. राधाबाई बराच वेळ अडली. मग म्हणाली, "बसका."

"ओठ?"

"जाडे. खालच्यावर खोक हा. ल्हान असताना विळ्येर पडललो."

आता ती अडखळत नव्हती. डोळे मिटून सांगत होती, हनुवटीवरचा खळगा, उजवी भुवई अर्धी तुटलेली. दत्ताराम थक्क झाला. इतकं सफाईदार खोटं त्याला सात जन्मांत सुचलं नसतं.

डोळे त्याने चिताऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटी घेतले.

"कसे आहेत?"

"गरीब," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

हवालदार खूश झाला. आई रडली म्हणजे चेहरा जमला, असा त्याचा हिशेब.

त्या रात्री दत्ताराम पोटभर जेवला. आता शिवा धक्क्यावर शिपायांच्या नाकासमोरून बोटीत चढला तरी कुणाला कळणार नव्हतं.

आठवडाभराने हवालदार पेढे घेऊन आला.

"घे. सापडला. धक्क्यावरच धरला. काय चेहरा काढलास रे, ओठावरची खोकसुद्धा तश्शी."

दत्तारामच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"बोटीत चढताना?"

"तीच तर गंमत. चढताना नाय, उतरताना. म्हातारी चौकीबाहेर बसून आहे, एक शब्द बोलत नाय. काय बोलणार, चेहरा तिनेच सांगितलाय. आणि हा नाव खोटं सांगतोय. म्हणतो, मी शिवाचा थोरला भाऊ, गावाहून आईला न्यायला आलोय."