केशवचा उपास

औरंगाबादेत कारखाने आले तशी उस्मानपुऱ्यात घरं उगवली. वायरिंगचा परवाना असलेला केशव औरंगपुऱ्यातल्या दुकानात बसूनच ‘तपासलं’ म्हणून सही ठोकायचा. त्यानंच सही केलेल्या बानाबाईच्या नव्या घरी म्हशीनं अंगणातल्या नळाला तोंड लावलं अन् ती शॉक लागून जागीच मेली.

“वायरिंग पक्कं आहे, मावशी. म्हैसच म्हातारी असेल,” केशव म्हणाला.

वास्तुशांतीला बानाबाईनं केशवला जेवायला बोलावलं, अन् म्हैस मेल्यापासून बंद ठेवलेला मेन स्विच सगळ्यांदेखत खटकन चालू केला.

“हात धुऊन घ्या, केशवराव. नळ त्योच हाय.”

“आज उपास आहे माझा,” म्हणत केशव चपला टाकून पळाला.

दुसऱ्या दिवसापासून, त्यानं सही केलेल्या घराघरातून त्याला जेवायचं आवतन यायला लागलं.